मसाल्याचं पाणी

वहिनीने कागदाने पुसून जेवायच्या काड्या पुढे केल्या तेव्हा तिच्या बाहीचा वास आला, आणि दिएपला कळलं की ह्यांनी आईला काढलं. आपल्याला न सांगता काढलं. वास चक्रफुलाचा होता, दालचिनीचा होता, लवंगेचा होता. आता फोच्या, नूडल-रश्श्याच्या, दुकानात बसून अशा वासाने दचकायचं म्हणजे हसण्यासारखीच गोष्ट. दाराशी एवढं मोठं पातेलं उकळतंय, त्यातही हेच मसाले आहेत. पण पातेल्यातल्या वासाला बैलाच्या हाडांचा चिकटपणा असतो, विस्तवावर भाजलेल्या आल्याकांद्याचा करपट वास असतो, तो नाकात शिरला की भूक खवळते. वहिनीच्या बाहीचा वास कोरडा होता. त्यात तांदळाची दारू होती आणि तळाशी गार, ओली माती होती. असलं पाणी उकळायची वेळ आयुष्यात एकदोनदाच येते, आणि ज्याने ते एकदा हुंगलं त्याच्यापासून ते लपवता येत नाही. वहिनीने हाताला वरून क्रीमही चोपडलं होतं. क्रीमने काय होतंय.

माणूस गेला की त्याला पुरतात ते तात्पुरतं. मातीने तिचं काम केलं की तीन-चार वर्षांनी, थंडीत, उजाडायच्या आत त्याला वर काढायचं, एकेक हाड मसाल्याच्या पाण्यात धुवायचं, पुसायचं, मातीच्या छोट्या पेटीत डोक्यापासून पायापर्यंत जसंच्या तसं लावायचं आणि मग कायमच्या जागी नेऊन ठेवायचं. हाडांवर ऊन पडता कामा नये, एकही हाड मागे राहता कामा नये. हे काम पोटच्या पोरांचं. दिएपच्या आईला पोरं दोनच. त्यातलं एक समोर बसून लसूण-मिरचीच्या व्हिनेगरची बाटली उगाच इकडून तिकडे सरकवत होतं. दुसरं काल रात्री आपल्या बटणांच्या दुकानावरच्या खोलीत, पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन, गाढ झोपलं होतं. त्या गाढ झोपेचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. एकदा कूस बदलली नाही, एक वाईट स्वप्न पडलं नाही. तिकडे गावच्या शेतात ह्यांनी आईला बॅटरीच्या उजेडात बाहेर काढलं, तिच्या अंगावरून पाणी ओतलं, आणि इकडे हिला साधी तहानसुद्धा लागली नाही.

सकाळी दादाचा फोन आला तेव्हा ती चक्क खूश झाली होती. हे आठवलं आणि तिचे कान तापले. बाख, तिचा दादा, साठीकडे झुकलेला माणूस, कुणाला म्हणून बाहेर खायला नेणारा नव्हे. घरात शिजतंय ते काय वाईट आहे, हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो म्हणाला, फो खायला येतेस का, तुझी वहिनी लुआ पण आहे, बऱ्याच दिवसांत भेटलो नाही. आणि ही बया चांगला कोट घालून, केस नीट बांधून, वाटेत वहिनीसाठी संत्री घेऊन आली. संत्र्यांची पिशवी आता बुटक्या टेबलाखाली तिच्या घोट्याला लागत होती. वहिनीने ती घेताना दोन्ही हात पुढे केले होते आणि उगाचच जास्त हसली होती. म्हातारा कोंबडा कापायच्या आधी त्याला भात घालतात, तसं ते हसणं होतं, असं दिएपला आता वाटलं. आणि दादाची नखं. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाची नखं काळी असायचीच, तिकडे कोण बघतो. पण ग्रीस काळं असतं. ही माती पिवळट होती, गावाकडची.

दुकान ठासून भरलं होतं. रविवारची थंडी, सगळ्या हनोईला एकदमच फो आठवतो. भिंतीला गुडघे टेकवून माणसं खात होती, पायाखाली चुरगळलेले कागद आणि पिळलेल्या लिंबाच्या फोडी, दुकानवाली सुरीच्या पात्याने कच्चं मांस ओट्यावर थापटत होती आणि मान वर न करता कुणाला काय हवं ते ओरडून सांगत होती. दादाने हेच दुकान का निवडलं? त्याच्या घराजवळ चार दुकानं आहेत, हिच्या घराजवळ सहा. इथे ह्या गल्लीत यायला दोघांनाही अर्धं शहर ओलांडावं लागतं. तर ह्याचं कारण आई. इथेच, ह्याच जागेवर, पूर्वी सरकारी खाणावळ होती, आणि आई मागच्या खोलीत हाडं तोडायच्या कामावर होती. दादाला वाटलं असणार, आईच्या जागी बसून सांगितलं की बरं दिसेल. शिवाय इथे गर्दी आहे. गर्दीत दिएप ओरडणार नाही, वाडगा फेकणार नाही, चारचौघांत दिएप नेहमीच शहाण्यासारखी वागते, नवऱ्याने सोडलं त्या दिवशीसुद्धा तिने कोर्टाच्या दारात त्याच्या छत्रीची मोडलेली काडी सरळ करून दिली होती. हे सगळं दादाला माहीत होतं. आपल्या शहाणपणाचा लोक असा हिशेब मांडतात हे तिला फार उशिरा समजलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तीन वाडगे आले. दादाने तिच्यासाठी चरबीसकट छातीचं मांस सांगितलं होतं, वर उकडलेले पातीच्या कांद्याचे पांढरे देठ. तुला आवडतं ना, तो म्हणाला. आवडायचं, लहानपणी; तेव्हा मांसाचा तुकडा सणासुदीला दिसायचा म्हणून आवडायचं. आता गेली दहा वर्षं ती साधं पातळ कापलेलं खाते, आणि हे त्याला ठाऊक नाही. वाफ तोंडावर आली. आता रीत अशी की ती धाकटी, तेव्हा काड्या उचलण्याआधी तिने म्हणायचं, दादा जेवा, वहिनी जेवा. मग दादा म्हणणार, हं, तूही जेव. जन्मभर, दिवसातून दोनदा, आजारपणात, भांडणात, वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा हे शब्द चुकले नव्हते. बोलणं बंद असलं तरी एवढे शब्द बोलले जायचे. दादा काड्या हातात धरून थांबला. वहिनी थांबली. दिएपने मांसाचा तुकडा उचलला, कुणालाही जेवा न म्हणता तोंडात घातला आणि चावत राहिली. दादाच्या गालावरची शीर हलली. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईनेदेखील मान वळवून पाहिलं, किंवा दिएपला तसं वाटलं.

"काल रात्री?" दिएपने तुकडा गिळून विचारलं.

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने बाहीकडे पाहिलं आणि हात मांडीवर घेतला. तिलाच बोलावं लागलं. लुआ वाईट बाई नव्हती, ही आणखी एक अडचण. तिने सांगितलं की ज्योतिष्याने वेळ अशीच काढली, ह्या वर्षात नाही तर पुढची दोन वर्षं नाही, आणि आईंचं जन्मवर्ष माकडाचं, तुमचं वाघाचं. वाघ आणि माकड. उघड्या हाडांजवळ वाघाच्या वर्षाचं माणूस आलं तर मेलेल्याला शांतता नाही आणि जिवंत माणसावर काहीतरी बेततं. तुमच्याच काळजीने नाही बोलावलं, ती म्हणाली. आधी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं.

"बरोबर आहे," दिएप म्हणाली. "नसतंच ऐकलं."

शरद ऋतूपासून ती विचारत होती. दादा, कधी करायचं? बघू, पंचांग बघायला दिलंय. दादा, थंडी सुरू झाली. बघू, बहुतेक पुढच्या वर्षी. तो तिच्या दुकानात येऊन स्टुलावर बसून, तिने दिलेला चहा पीत, तोंड वर करून हे खोटं बोलला होता. आणि ती मूर्खासारखी दर महिन्याला कपाटाचा खालचा खण उघडून ते कापड बघत होती. जुन्या सुती चादरीचं कापड, आईच्याच चादरीचं, तिने ते साबणाशिवाय इतक्या वेळा धुतलं होतं की ते हातात घेतलं तर हाताला कळायचं नाही. हाडं पुसायला. बाजारात ह्या कामासाठी मिळतात ती कापडं खळ घातलेली असतात, खरखरीत असतात. तिने ते कापड कुणाला दाखवलं नव्हतं. कुणाला सांगून ठेवलं असतं तर निदान कुणीतरी म्हणालं असतं, अरे, तिने कापड काढून ठेवलंय, तिला बोलवा. नाही, म्हणालं नसतंच. वाघाच्या वर्षाची ती. वाघाच्या वर्षाच्या बाईशी लग्न कोण करणार म्हणून तिच्या आत्याने ती पाळण्यात असतानाच नाक मुरडलं होतं. लग्न मोडलं तेव्हा त्याच आत्याने कसं ओळखलं होतं म्हणून मान डोलावली होती. एका पोरीने जन्माला यायची वेळ चुकवली, आता मरेपर्यंत ज्याला हवं त्याने ती तिच्या तोंडावर मारावी. आईच्या औषधांच्या वेळी वाघ चालला. बेडपॅन धुताना वाघ चालला. आईच्या पायांची नखं काढायला, टाचेच्या भेगांत तेल चोळायला रोज दुपारी दुकान बंद करून बस बदलत वाघ यायचा, तेव्हा ज्योतिष्याचं काही म्हणणं नव्हतं.

वडिलांच्या वेळी ती होती. वडिलांचं वर्ष तिच्या वर्षाशी जमत होतं, किंवा तेव्हा कुणी विचारायला गेलं नव्हतं. दादाला हाडं हातात घेववेना, तो पाणी आणून देत राहिला आणि लांब उभा राहून सिगारेटी ओढत राहिला. आईने सगळं केलं. गार वारा सुटला होता, तांब्याच्या पातेल्यातलं मसाल्याचं पाणी वाफाळत होतं, आणि आई उकिडवी बसून वडिलांचं डोकं दोन्ही हातांत धरून असं धूत होती जसं तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना धरतात, मानेखाली हात देऊन. मान नव्हतीच तरी हात तिथेच होता. दिएपला रडू येत नव्हतं, तिला फक्त आईकडे बघत राहावंसं वाटत होतं. ब्रश नको, आई म्हणाली, ह्या लोकांना ब्रशने घासायची घाई असते, आपण कापडाने पुसायचं. डोळ्यांच्या खोबणीत माती राहते, तिथे बोटाने. मग ती वडिलांच्या मनगटाचं हाड पुसता पुसता म्हणाली, माझं तू कर हं. तुझा दादा चांगला आहे, पण तो उरकेल. दिएप हो म्हणाली. आईने पुन्हा विचारलं नाही, कधीच नाही, आजारपणातही नाही. एकदा हो म्हटल्यावर पुन्हा विचारायचं नसतं असं ती मानायची. आणि काल रात्री तिला वर काढल्यावर, डोळ्यांच्या खोबणीत बोट घालणारा हात दिएपचा नव्हता. कुणाचा होता? त्या भाड्याच्या म्हाताऱ्याचा, जो एका रात्रीत तीन-तीन घरची हाडं काढतो आणि मधे बसून नूडल खातो?

रागाला नीट तोंड फुटेना. एवढा मोठा राग आणि समोर एवढंसं टेबल, त्यावर तीन वाडगे, मिरचीची बाटली, कागदाचा डबा. तिने रस्सा चमच्याने प्यायला. चांगला होता, हे आणखी वाईट. आई असताना इथल्या चमच्यांना मधोमध भोक पाडलेलं असायचं, लोकांनी चोरून नेऊ नयेत म्हणून. अ‍ॅल्युमिनियमचे चमचे, सरकारचे. रस्सा तोंडाशी नेईपर्यंत अर्धा वाडग्यात गळायचा. पोरं खालून बोट लावून भोक बुजवायची आणि बोट भाजून घ्यायची. रस्सा म्हणजे तरी काय, मीठ घातलेलं पाणी, वर कांद्याची पात. मांस नसायचं. दादा तेव्हा जर्मनीत होता, कारखान्यात. तो गेला तेव्हा दिएप अकरा वर्षांची होती आणि परतला तेव्हा ती मोठ्या बायकांसारखी ब्लाउज-पॅन्ट घालून शिवणकामाला जात होती. मधली पाच वर्षं त्याला नव्हतीच. त्या पाच वर्षांबद्दल त्याला पत्रातून कळलं तेवढंच, आणि पत्रात आई लिहायची, आम्ही मजेत.

दादा खात नव्हता. हे तिच्या आत्ता लक्षात आलं. त्याने एकदा नूडल वर उचलल्या, पुन्हा सोडल्या. एरवी त्याचा वाडगा पहिल्यांदा संपतो. डोळे लाल, दाढी वाढलेली, झोप नाही हे उघड होतं. पण झोप नसलेला माणूस गरम फोवर तुटून पडतो. लुआने त्याच्या वाडग्यात तळलेल्या पिठाची काडी मोडून टाकली, ती भिजून फुगली, तरी त्याने हात लावला नाही.

"दिएप," तो म्हणाला, "तुला एक विचारायचंय."

म्हणजे माफी मागायला नाही बोलावलं. विचारायला बोलावलं. तो बोलायला लागला, टेबलाकडे बघत, गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगावा तशा आवाजात. सगळं नीट झालं, तो म्हणाला. माती चांगली होती, आई स्वच्छ निघाली. पायांची हाडं बारीक असतात, मातीत हरवतात, त्याचीच धास्ती होती, पण तू मोजे घातले होतेस ना, नायलॉनचे, ते तसेच होते, हाडं मोज्यातच मिळाली. उजव्या मोज्यात सगळी. डाव्या मोज्यात कमी. म्हाताऱ्याने तळवटावर मांडून दाखवलं, करंगळीचं नाही. मोज्याला भोकसुद्धा नव्हतं. मग खड्ड्यात उतरून दादाने स्वतः शोधलं. चिखल बोटांतून गाळला, घमेल्याने वर आणून पुन्हा गाळला. पाणी इतकं गार की हात बधिर झाले. म्हातारा म्हणाला, सोडा, विरघळलं असेल, उजाडतंय. दादाने सोडलं नाही. तुतीची डहाळी आणली होती, अशा वेळी लागते म्हणूनच आणतात. त्याने तिचा तुकडा तासला, करंगळीएवढा केला आणि त्या जागी ठेवला.

"ते ठीक झालं का?" तो म्हणाला. "तू तिचे पाय रोज धुवायचीस. त्या बोटाला काही झालं होतं का, हाड ठिसूळ वगैरे? की ते खाली राहिलं? मला सारखं वाटतंय ते तिथे राहिलंय. मी आईला अर्धवट आणलं."

त्याने कागदाने नाक पुसलं. लुआने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दिएप त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या छातीत काहीतरी गार गार पसरलं, आणि ती दया नव्हती. तिला बरं वाटत होतं. सगळ्या शरद ऋतूत, सगळ्या थंडीत ज्याने तिला तोंडावर फसवलं तो माणूस तिच्यासमोर उघडा पडून बसला होता, आणि त्याला हवं ते एक वाक्य तिच्याजवळ होतं. तिने ते नाही दिलं तर? माहीत नाही, म्हणावं. असेल खाली, नीट शोधायला हवं होतंस, म्हणावं. आणि उठून जावं. मग दादा दर अमावास्येला उदबत्ती लावताना खाली वाकेल तेव्हा त्याला ती करंगळी दिसेल, शेतातल्या चिखलात, एकटी. जगेल तोपर्यंत दिसेल. फक्त एवढंच करायचं, गप्प बसायचं. गप्प बसण्यात ती तरबेज होती, ह्या घरानेच तिला केलं होतं.

सांडशीने पकडावं तसं ती ते वाक्य धरून बसली. दुकानवालीने एक मोठं हाड ओट्यावर घेतलं आणि सुऱ्याच्या पाठीने हाणलं, आणि दिएपला तो आवाज पायात कळला. ओटा आता नवा आहे, स्टीलचा. तेव्हा इथे लाकडाचा ओंडका होता, मागच्या दाराजवळ, जिथे आता शीतपेयांचा फ्रीज आहे. ती बारा वर्षांची होती, शाळेतून परस्पर डबा घेऊन मागच्या दाराशी यायची, आई कुणी बघत नसताना हाडांचं पाणी त्यात ओतायची. सुऱ्याची मूठ कितीतरी दिवस सैल होती, सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून चालवत होते. आईने वर दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी पातं मुठीतून निसटलं आणि सरळ खाली, आईच्या डाव्या पायावर आलं. आई ओरडली नाही. तिने पोत्यावर बसून एप्रनची नाडी पायाला आवळली, चेहरा पांढराफटक, आणि दिएपला म्हणाली, ते उचल, कुत्रं नेईल. बाहेर रस्त्यावरच्या झाडाखाली पूर. खोल पूर. दिएपने ते उचललं. गरम होतं. चपलेचं रबरही त्याच्याबरोबर कापलं गेलं होतं. तिने झाडाच्या मुळाशी सरकारी चमच्याने खड्डा केला, आणि चमच्याला भोक असल्यामुळे माती सारखी गळत होती, म्हणून शेवटी हाताने उकरलं. परत आली तेव्हा आई उभी राहून दुसऱ्या सुऱ्याने हाडं तोडत होती. काम सोडून घरी गेली असती तर त्या महिन्याचं मांसाचं रेशन-कूपन गेलं असतं, आणि वर डब्याचीही चौकशी झाली असती. दादाला लिहू नकोस, आई रात्री म्हणाली, तो परदेशात एकटा आहे. त्यानंतर आईने उघडी चप्पल घातली नाही. कॅनव्हासचे बूट, मोजे, उन्हाळ्यातही मोजे. दादा परतला, लग्न झालं, पंचवीस-तीस वर्षं आई त्याच्या घरात त्याच्या डोळ्यांसमोर मोजे घालून वावरली, आणि त्याने एकदा विचारलं नाही की तुला एवढं उकडत कसं नाही.

हे आठवलं आणि गप्प बसणं तिला जमेना. गप्प बसणं त्याला शिक्षा झाली असती, पण ती फार थोडी झाली असती. हे ऐकवलंच पाहिजे. हे ऐकून त्याला आपल्या आईच्या हाडांसमोर मान वर करता येऊ नये.

"ती करंगळी नव्हतीच," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. "मी बारा वर्षांची असल्यापासून नव्हती. तू जर्मनीत होतास. इथे तुटली, त्या फ्रीजच्या जागी. मी माझ्या हाताने बाहेर झाडाखाली पुरली, वाघाच्या वर्षाच्या हाताने. काही बेतलं नाही कुणावर. तीस वर्षं आई तुझ्या घरात राहिली दादा, आणि तू तिच्या पायाकडे एकदा पाहिलं नाहीस."

आजूबाजूच्या दोन टेबलांवरचं खाणं थांबलं. लुआने तोंडावर हात नेला. तिला कळलं होतं, तिला पुरतं कळलं होतं, तिच्या डोळ्यांत ते दिसलं. पण दादाचा चेहरा दिएपने योजला होता तसा पडला नाही. तो हळूहळू सैल होत गेला. आधी कपाळ, मग डोळे, मग खांदे. त्याने दाराबाहेरच्या त्या साउच्या झाडाकडे पाहिलं, जिथे मोटारसायकली दाटीवाटीने लावल्या होत्या, मग तिच्याकडे, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो हसलाच जवळजवळ.

"म्हणजे खाली नाही राहिलं," तो म्हणाला. त्याने लुआचा हात धरून हलवला. "ऐकलंस ना? सगळी आणली. काही राहिलं नाही मागे."

त्याने वाडगा ओढला, व्हिनेगर ओतलं, मिरची टाकली आणि काड्यांनी भला मोठा घास वर उचलला. उपाशी होता बिचारा, रात्रभर चिखलात उभा राहिलेला, आणि आता त्याला भूक लागली होती. तिने मारायला म्हणून जे फेकलं ते त्याने प्रसाद म्हणून घेतलं होतं. पायाकडे पाहिलं नाहीस, हे त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. कदाचित वर्षांनी कधीतरी पोहोचेल, कदाचित नाही. मग दिएपने हात पुढे केला आणि तळहात त्याच्या वाडग्यावर सपाट ठेवला. काड्यांतल्या नूडल तिच्या मनगटावर पडल्या. वाफ हाताला चटचट भाजत होती.

"मी राहिले," ती म्हणाली.

दादाने वर पाहिलं. या वेळी मात्र त्याने पाहिलं. काड्या तशाच अधांतरी.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "माती काढली तिथपासून. आधी काय काढलं, कुणी हातात घेतलं, कशाने धुतलं, काय राहून गेलं. डोक्यापासून पायापर्यंत. सगळं सांग, मग खा."

"इथे?" दादा म्हणाला.

"इथे तूच बोलावलंस."

लुआने आपल्या पुढचा वाडगा बाजूला सरकवला आणि दोन्ही हात, तो वास असलेल्या बाह्यांसकट, टेबलावर ठेवले. दारात जागेची वाट बघणारी माणसं उभी होती. दुकानवालीने एकदा मान वर करून ह्या टेबलाकडे पाहिलं आणि पुन्हा मांस थापटायला लागली. दादाने काड्या खाली ठेवल्या.

"आधी डोकं काढलं," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हाताऱ्याने उचललं आणि माझ्याकडे दिलं. मला वाटलं होतं माझ्याच्याने धरवणार नाही, बाबांच्या वेळी नव्हतं धरवलं. पण धरलं."

"मानेखाली हात होता?"

तो आठवत राहिला. त्याचे दोन्ही हात टेबलावरून आपसूक वर आले, मातीच्या नखांसकट, आणि त्यांनी हवेत काहीतरी धरलं. डावा हात खाली गेला.

"होता," तो म्हणाला.

"कशाने पुसलं?"

"टॉवेलने. नवे आणले होते, पांढरे."

"नवे टॉवेल खरखरीत असतात," दिएप म्हणाली. वाडगा तिच्या हाताखाली निवत चालला होता, पण तिने हात काढला नाही. "पुढे सांग."